दाराचं वजन

ताईचं पत्र आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. एक आठवडा नाही, दोन आठवडे नाही, महिना उलटला तरी नाही. पत्र एवढंसंच होतं, पोस्टकार्डावर मावलं असतं. पण ते तिने पाकिटात घालून पाठवलं होतं, म्हणजे विषय गंभीर होता.

‘स्वल्पविरामा,’ अशी सुरुवात. लहानपणापासून ती मला याच नावाने हाक मारते. मी बोलायला लागलो की मध्येच थांबतो, वाक्य शेवटाला नेत नाही, असं तिचं म्हणणं. पुढे मी छापखान्यात मुद्रितशोधक झालो, चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं शेवटाला नेली, पण नाव काही बदललं नाही.

‘जिने आता माझ्याच्याने होत नाहीत. इथली जागा सोडायचं ठरवलं आहे. वृद्धांच्या एका निवासात खोली बघून ठेवली आहे. बरी आहे, खिडकीत झाड आहे. पण आधी तुला विचारते. मी तुझ्याकडे राहायला येऊ का? अट एकच. तुझ्या घरात शिरताना किंवा बाहेर पडताना मला कुणी उचलायचं नाही. तेवढं जमणार असेल तर हो कळव, नसेल तर नाही कळव. राग येणार नाही. फोन करू नकोस, फोनवर तू बघू म्हणतोस. एका ओळीत लिही. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मला त्या लोकांना काय ते सांगायचं आहे.’

मी लिहायला बसलो नाही असं नाही. नऊ मसुदे केले. पहिला चार पानांचा झाला. तिने एक ओळ मागितली होती आणि माझी प्रस्तावनाच दीड पान. मग मी त्याच्यावर तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त्या करत बसलो. दुरुस्त्या करण्यात माझा हात चालतो. मूळ मजकूर लिहायची वेळ आली की मी पेन्सिलीला टोक काढत बसतो. नवव्या मसुद्यात ‘प्रिय ताई’ आणि माझी सही एवढंच उरलं होतं. मधलं सगळं खोडलेलं.

ती अट तिने का घातली ते मला ठाऊक होतं. आमच्या घराला पुढून पाच पायऱ्या आहेत, अरुंद, त्यात एक वळण. ताई वॉकर घेऊन चालते. तिला त्या चढता येत नाहीत. पण गॅरेजमधून आत यायला एकही पायरी नाही. गॅरेजचं मोठं दार, तिथून सरळ बोळ, बोळाला लागून एक खोली. दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेल्यावर ताई माझ्या सोबतीला आली ती याच वाटेने. मोटरचं बटण दाबलं, दार वर गेलं, ताई वॉकर ठकठक करत आत. ‘वा रे, राजवाड्याचं दार,’ म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. टॅक्सी बाहेर येऊन उभी राहिली आणि वीज गेली. मोटरला एक तांबडी मूठ लोंबत असते, ती ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. मी ती ओढली. खाली वाकून दार धरलं, सगळा जोर लावला. गुडघ्यापर्यंत आलं आणि माझ्या हातून सुटून धाडकन खाली. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. शेवटी शेजारचे दोघे आले, टॅक्सीवाला आला, मी चौथा. ताईला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि पुढच्या पायऱ्यांवरून उचलून खाली नेलं.

ती खुर्चीत बसून विनोद करत होती. ‘जपून रे, काच आहे, उलटी धरू नका.’ सगळे हसले. पण खुर्चीचा माझ्याकडचा पाय धरताना मला तिचा चेहरा जवळून दिसत होता. तो हसत नव्हता. परत आल्यावर, वीज आलेली होती, दार मुकाट वर गेलं, तेव्हा ती आत शिरताना म्हणाली, ‘म्हणजे आता मी सामान झाले.’ दुसऱ्या दिवशी ती तिच्या घरी गेली. त्यानंतर आली नाही.

मी त्या दिवशी एकच निष्कर्ष काढला. माझ्या हातांत जोर नाही. जन्मभर शब्दकोशापेक्षा जड काही उचललं नाही, त्याचं हे फळ. त्यामुळे तिची अट वाचली तेव्हा उत्तर ‘नाही’ असंच होतं. आणि ते लिहिण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

ताईने मुदत दिलेल्या महिन्याच्या पाच तारखेला मोटर गेली. सकाळी मी गॅरेजमध्ये पुस्तकं चाळत होतो, जरा उजेड हवा म्हणून बटण दाबलं. मोटर घुमली, कण्हली, जळका वास आला आणि गप्प झाली. दार जागचं हललं नाही.

दुपारी सूनबाई आली. ती आणि माझा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. मुलगा कामानिमित्त सारखा फिरतीवर, त्यामुळे माझी खबरबात घ्यायला तीच येते. जिभेने तिखट, पण माझी सगळी बिलं, औषधं, चष्मे तिच्या डोक्यात असतात. तिने वर बघितलं, नाक मुरडलं.

‘गेली. बरं झालं, म्हातारी होती.’

‘नवी घ्यावी लागेल,’ मी म्हणालो.

‘कशाला? गाडी विकून तीन वर्षं झाली, बाबा. तुम्ही आतून बोळाच्या दाराने जाता-येता. मोठ्या दाराला कुलूप ठोकू या, झालं. कोणासाठी उघडायचं ते?’

तिचं बरोबर होतं. पत्राबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. दाराला कुलूप लागलं की उत्तर आपोआप ‘नाही’ होणार होतं, आणि मला काही लिहावंही लागणार नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला स्वतःची लाज वाटली.

‘नको. नवी बघू.’

‘बघू म्हणजे पुढच्या वर्षी?’

‘उद्या.’

तिने भुवया उंचावल्या, पण दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली.

दुकानात एक अख्खी भिंत मोटरींची होती. विक्रेता तरतरीत, खिशाला तीन पेनं, बोलणं पाठ केलेलं.

‘या आजोबा. सध्याचं दार हलकं आहे की जड?’

‘जड. फार जड.’

‘मग प्रश्नच मिटला. ही घ्या.’ त्याने सगळ्यात मोठ्या डब्यावर थाप मारली. ‘ही हत्तीला उचलेल. मोबाइलवरून उघडते, बोलून उघडते, तुम्ही परदेशात असलात तरी उघडते.’

‘वीज गेली की?’

‘वीज गेली की…’ तो जरा अडखळला. ‘तांबडी मूठ असते ना, आजोबा. ओढायची आणि हाताने उचलायचं.’

‘जड आहे म्हणालो ना.’

‘हो, पण वीज किती वेळ जाते हल्ली? गाडी कोणती आहे तुमची?’

‘गाडी नाही.’

 सूनबाई शेजारच्या रिमोटकडे फार लक्ष देऊन बघायला लागली.

‘गाडी नाही? मग दार कशाला उघडायचं?’

‘माझी बहीण येणार आहे राहायला,’ मी म्हणालो.

हे मी कुठून बोललो मला माहीत नाही. नऊ मसुद्यांत जे उतरलं नाही ते एका परक्या माणसासमोर, मोटरींच्या भिंतीपुढे, पूर्ण वाक्यात तोंडातून निघून गेलं. सूनबाईने रिमोट खाली ठेवला.

‘आत्या? आत्या येणारेत? कधी ठरलं?’

‘ठरायचंय.’

‘बाबा!’

‘मला यातल्या कोणत्याही तीन मोटरींच्या माहितीपुस्तिका मिळतील का?’ मी घाईने विक्रेत्याला विचारलं. ‘वाचून सांगतो.’

तो हसला. ‘आजोबा, ते कुणी वाचत नाही. ते डब्यात असायचं म्हणून असतं.’ पण दिल्या त्याने. मी त्या पिशवीत घातल्या, आणि परतीच्या वाटेवर सूनबाईने माझ्याकडून पत्राचा एकेक शब्द काढून घेतला.  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, ‘वीस तारीख म्हणजे दोन आठवडेच आहेत हातात, बाबा.’

‘चौदा दिवस. टपालाचे तीन वजा कर.’

‘दिवस बरोबर मोजता हो तुम्ही,’ ती म्हणाली, ‘फक्त घालवता.’

मुद्रितशोधकाची वाचायची एक रीत असते. महत्त्वाचा मजकूर तो एकदा सरळ वाचतो आणि एकदा उलटा, शेवटच्या पानापासून पहिल्याकडे, ओळीखाली पट्टी धरून. सरळ वाचताना माणूस अर्थाच्या ओघात वाहत जातो, डोळे पुढे पळतात. उलटं वाचताना पळायला जागाच नसते. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना ही रीत वेडगळ वाटायची. असेलही. मला दुसरी येत नाही.

मी पुस्तिका जेवणाच्या टेबलावर मांडल्या. शिवाय जुन्या मोटरची पुस्तिका कपाटातल्या फाइलमध्ये होती. बायकोने वरती तारीख घालून नीट लावून ठेवलेली. असली कामं ती बघायची. मी ती कधी उघडलीही नव्हती. चहा करून घेतला, पट्टी घेतली आणि पहिल्या पुस्तिकेचं मागचं पान उघडलं.

आधी सुट्या भागांची यादी, मग दिव्यांच्या लुकलुकण्याचे अर्थ, मग रिमोट जुळवणं, मग जोडणीच्या आकृत्या. सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात पुढे, सूचनांची बारीक टायपातली दोन पानं. सरळ वाचणारा माणूस ही पानं ओलांडून आकृत्यांकडे धावतो. माझ्या आकृत्या वाचून झाल्या होत्या. माझ्याकडे ही दोन पानंच उरली होती.

त्यात लिहिलं होतं: मोटर बसवण्यापूर्वी, दार पूर्ण बंद असताना ते जुन्या मोटरपासून सोडवा. हाताने कमरेइतकं उचला आणि सोडून द्या. दार तिथेच थांबलं पाहिजे. ते खाली कोसळत असेल तर कोणतीही मोटर बसवू नका. दाराचं वजन मोटर पेलत नाही, स्प्रिंग पेलते. स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, जाणकाराला बोलवा.

मी ते तीनदा वाचलं. दुसरी पुस्तिका उघडली, तेच. तिसरी, शब्द वेगळे, पण तेच. तीन वेगवेगळ्या कंपन्या एवढ्या एका गोष्टीवर सहमत होत्या.

मग जुनी घेतली. तिच्यात तर एक ओळ जास्तीची होती, आणि तिच्यावर माझी पट्टी थांबली ती थांबलीच: दाराला नंतर फळ्या, अस्तर वगैरे लावून वजन वाढवल्यास स्प्रिंग त्या वजनाच्या बसवून घ्याव्यात.

मी उठून गॅरेजमध्ये गेलो. दाराला आतून, वरपासून खालपर्यंत, जाड प्लायवूडच्या फळ्या आणि त्यांच्यामागे नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर होतं. नऊ वर्षांपूर्वी मीच लावून घेतलेलं. गॅरेजमध्ये माझी पुस्तकं होती आणि एका थंडीत त्यांना ओल लागली होती. मी सुताराला बोलावून म्हणालो होतो, ‘जाड लावा, चांगलं जाड.’ बायको म्हणाली होती, ‘अहो, दाराला झेपेल का विचारा कुणाला तरी.’ मी म्हणालो होतो, ‘बघू.’

तांबडी मूठ ओढली. वाकलो, दार धरलं, उचललं. गुडघ्यापर्यंत आलं. सोडलं, मागे सरलो. धाडकन.

गंमत अशी की मला आनंद झाला. दोन वर्षं मी स्वतःच्या दंडांना दोष देत होतो. दंड काही फार बरे नव्हते, पण दोष त्यांचा नव्हता. दोष पुस्तकांचा होता, म्हणजे माझाच, पण हा दुरुस्त होण्यासारखा होता. छापखान्यात आम्ही चुकांची भीती बाळगत नसू. न सापडलेल्या चुकीची बाळगत असू.

सूनबाईने शोधून दिलेल्या दारवाल्या बाई दोन दिवसांनी आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, कमरेला हत्यारांचा पट्टा, गळ्यात दोरीला चष्मा. गॅरेजच्या दारांच्या कामात त्यांची वीस वर्षं गेली होती.

‘काका, मोटर कुठली घेतलीत? दाखवा.’

‘घेतली नाही. आधी दार बघा. मला वाटतं स्प्रिंगा कमी पडतायत. म्हणजे, मी चुकतही असेन.’

त्यांनी चष्मा लावून मला नीट निरखलं. ‘लोक मोटर आणून ठेवतात, मग मला बोलावतात, आणि मी दार बघा म्हटलं की रागावतात. तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘पुस्तिकेत लिहिलंय.’

‘तुम्ही ती वाचता?’

‘उलटी वाचतात,’ सूनबाई बोळातून म्हणाली. ‘मागून पुढे.’

‘वाचतात ना? मग उलटी का सुलटी, चालेल मला.’

त्यांनी आम्हा दोघांना लांब उभं केलं, स्प्रिंगा सैल केल्या, आणि पिशवीतून वजनकाटा काढला. आपण स्नानघरात ठेवतो तसला, साधा. दाराच्या मध्याखाली तो सरकवला आणि दार त्याच्यावर टेकवलं. वाकून आकडा वाचला, एक फळी ठोकून बघितली, मनात काही जुळवलं.

‘मूळ दारापेक्षा चाळीस किलो जास्त. काका, तुम्ही या दारावर एक माणूस बसवलाय. बारीक आहे, पण माणूसच.’

ताईचं वजन साधारण तेवढंच असेल. मी ते बोललो नाही.

‘आता दोन रस्ते आहेत,’ बाई म्हणाल्या. ‘एक, फळ्या राहू देत, मी भारी स्प्रिंगा बसवते. दुसरा, फळ्या काढा, मूळ वजनाच्या नव्या स्प्रिंगा बसवते. दोन्हींत दार हाताला हलकं लागेल.’

एरवी मी इथे दोन्ही बाजूंचे मुद्दे काढून बसलो असतो. पण मला एकच प्रश्न विचारायचा होता. ‘आणि उद्या स्प्रिंग तुटली तर?’

‘तर जड दार म्हणजे भिंत. हलकं दार निदान दोन माणसं मिळून उचलतील.’

‘फळ्या काढा.’

सूनबाई पुढे आली. ‘आणि पुस्तकं? ओल लागेल.’

‘थोडी घरात येतील. बाकीची जातील.’

तिने सरळ माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ‘ताप नाहीये,’ ती बाईंना म्हणाली.

पुस्तकं हलवायला पाच दिवस गेले. बरीचशी पुस्तकं नव्हतीच, छापखान्यातून मी उचलून आणलेले रद्द फर्मे, म्हणजे वाया गेलेले छापील ताव होते, आणि एका बंद पडलेल्या मासिकाचे गठ्ठे. ते मासिक चालू असतानाही कुणी वाचत नव्हतं. मी वाचायचो, कारण मला पगार मिळायचा. गठ्ठे रद्दीत गेले. चांगली पुस्तकं जवळच्या शाळेच्या ग्रंथालयाने नेली. न्यायला आलेल्या बाईंना मी प्रत्येक पुस्तकाबद्दल थोडं सांगायला लागलो, तेव्हा सूनबाईने मला हाताला धरून आत नेलं. उरलेली दोन कपाटं माझ्या झोपायच्या खोलीत आली. बोळ मोकळा झाला. वॉकर घेऊन दोन ताया शेजारून गेल्या असत्या.

दारवाल्या बाईंनी फळ्या उतरवल्या, नव्या स्प्रिंगा बसवल्या, आणि मला बोलावलं. ‘आता उचला.’

मी सवयीने पाय रोवले, दम धरला, दोन्ही हातांनी जोर लावला. दार एवढ्या चटकन वर गेलं की माझाच पुढे झोक गेला.

‘भांडायला नाही चाललात, काका,’ बाई म्हणाल्या. ‘एका हाताने.’

एका हाताने कमरेपर्यंत आणलं. सोडलं. दार तिथेच थांबलं. मधोमध, अधांतरी, जसं काही विचार करतंय. मी त्याच्याकडे किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक.

त्याच दिवशी आम्ही परत दुकानात गेलो. विक्रेत्याने मला ओळखलं आणि मोठ्या डब्याकडे हात नेला.

‘ती नको,’ मी म्हणालो. ‘ही सगळ्यात लहान द्या. साखळीची नको, पट्ट्याची. साखळी खडखडते आणि शेजारच्या खोलीत माझी बहीण झोपणार आहे. आत बॅटरी असलेली, वीज गेली तरी चालणारी. आणि दार सुरू होताना आणि थांबताना हळू होतं तीच. तिला दचकायला होतं.’

‘आजोबा, तुमचं दार जड आहे, तुम्हीच म्हणालात. लहान मोटर सहा महिन्यांत जाईल.’

‘ते तेव्हा होतं. आता हलकं आहे. दार जड असेल तर मोठी मोटर विकायची नसते, आधी दार बघायला सांगायचं असतं. तुमच्याच पुस्तिकेत आहे. पान दोन, खालून सहावी ओळ.’

त्याने डब्यातून पुस्तिका काढली. पान दोन उघडलं. ओळी मोजल्या. शेजारचं एक गिऱ्हाईक मान वाकवून त्याच्याबरोबर वाचायला लागलं.

‘आणि रिमोट,’ मी पुढे म्हणालो. मी थांबलो नाही याचं मलाच नवल वाटत होतं. ‘हे चार बारीक बटणांचं नको. बहिणीची बोटं सांध्यांत वाकली आहेत. एकच मोठं बटण असलेला द्या, वॉकरला बांधता येईल असा. मोबाइलवरून उघडणारं काही नको. तिचा मोबाइल कायम उशीखाली असतो.’

‘असा रिमोट आहे,’ विक्रेता हळूच म्हणाला. ‘कुणी मागत नाही म्हणून मागे ठेवलाय.’ तो आत गेला.

सूनबाई माझ्या कानाशी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही घरी असे का नसता?’

सोळा तारखेला सकाळी मोटर बसली. बाईंनी तांबडी मूठ हातात धरून विचारलं, ‘ही किती उंचीवर सोडू? पुस्तिकेत आहे ती उंची चांगल्या उभ्या माणसाची. गाडी आत येत नाही तर मी थोडी खाली आणू शकते. तुमच्या ताईंचा हात कुठवर पोचतो?’

सूनबाईने फोन काढला. ‘आत्यांनाच विचारते.’

‘नको,’ मी म्हणालो. ‘थांब.’

ताई आली होती तेव्हा ती माझ्या कपाटातून पुस्तकं काढून वाचायची. तिसऱ्या फळीवरची स्वतः काढायची, चौथ्या फळीवरचं हवं असेल तर मला हाक मारायची. मी टेप घेऊन आत गेलो आणि तिसऱ्या फळीची उंची मोजून आणली. बाईंनी मूठ तिथे बांधली. वाकायला लागू नये म्हणून दाराला आतून, कमरेच्या उंचीवर, धरायला एक रुंद पट्टाही ठोकला.

मग मी मुख्य स्विच बंद केला. बटण दाबलं. बॅटरीवर मोटर चालली, दार आवाज न करता वर गेलं, खाली आलं.

‘आता बॅटरीही काढा,’ मी म्हणालो.

‘बॅटरीसुद्धा गेली असं धरायचं?’ बाईंनी विचारलं.

‘ती माझी बहीण आहे. ती धरणारच.’

बॅटरी काढली. मी सूनबाईला स्वयंपाकघरातली खुर्ची आणायला सांगितली. तीच खुर्ची. ती उलटी फिरवून मी तिची पाठ डाव्या हाताने धरली, वॉकर धरावा तशी, आणि ठरवलं की हा हात सोडायचा नाही. उजव्या हाताने मूठ ओढली. खट. पट्टा धरला आणि वर घेतला. दार खांद्यापर्यंत आलं, मग खालची कड तळहाताने वर ढकलली. ते गेलं. पूर्ण वर गेलं आणि थांबलं. बाहेरचा उजेड बोळाच्या टोकापर्यंत पसरला.

‘आता तू,’ मी सूनबाईला म्हणालो. ‘डाव्या हाताने. आणि ताईसारखी वाकून.’

‘आत्यांसारखी बोलत बोलत करू का?’ असं म्हणून तिने वाकून, खुर्ची ठकठक वाजवत दार खाली घेतलं आणि पुन्हा वर केलं. ‘वा रे, राजवाड्याचं दार,’ ती म्हणाली. ते वाक्य तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. बहुधा मीच, त्या दिवशी गाडीत.

दारवाल्या बाई हत्यारं पट्ट्यात खोचत होत्या. ‘काका, ताईंना सांगा, वर्षातून एकदा मी येऊन स्प्रिंगा बघून जाईन.’

‘सांगतो,’ मी म्हणालो, आणि आत जाऊन टेबलापाशी बसलो.

मसुदा केला नाही. चांगला कागद घेतला, तारीख घातली आणि लिहिलं:

‘ताई, ये. दार तुला एका हाताने उघडता येतं, वीज नसतानाही. मी डावा हात खुर्चीवर ठेवून उघडून बघितलं.’

एक ओळ म्हणाली होती, सव्वा झाली. खाली सही केली, स्वल्पविराम अशी. मग डोळे सवयीने कागदाच्या शेवटाकडे गेले, उलटं वाचायला. मी कागदाची घडी घातली.

‘मी टाकून येऊ का?’ सूनबाई दारातून म्हणाली. ‘जाताना वाटेतच आहे पेटी.’

‘नाही. मीच जातो.’

‘वाटेत काही सुधारणार नाही ना?’

‘पाकीट चिकटवलंय.’

मी गॅरेजमधून बाहेर पडलो. बटण दाबलं नाही, हातानेच दार वर केलं. टपालपेटी कोपऱ्यावर आहे, दोनशे पावलांवर. तिच्यापाशी पोचलो तेव्हा माझ्या मनात सगळं येऊन गेलं: तिला जमेल का, मला जमेल का, दोन म्हातारी माणसं एका घरात, एक सारखं बोलणारं, एक गप्प. नऊ मसुद्यांतला सगळा मजकूर आला. मी पाकीट फटीत अर्धं घालून तसाच उभा राहिलो. मागे एक बाई पत्र टाकायला थांबली होती.

‘टाकताय ना, काका?’ तिने विचारलं.

‘हो,’ मी म्हणालो, आणि सोडलं. आत, तळाशी, ते पडल्याचा आवाज आला.